क्लच आणि पेपरमिंटची डबी

फिंटन गेराटीने आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण लेखी अशी एकच. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात, खाली लफ्फेदार सही ठोकून. चर्चच्या सभागृहात बेवारशी घोडे सोडवून सांभाळणाऱ्या मंडळाची सभा होती. फिंटन तिथे गेला होता तो खरं तर चहा आणि सफरचंदाच्या केकसाठी. केक खाऊन झाल्यावर कोणीतरी त्याच्या हातात स्वयंसेवकांचा फॉर्म दिला, आणि फॉर्मवर चौथा प्रश्न होता : घोड्यांचा अनुभव किती? त्याच्या खांद्यावरून मॉसी नालबंद वाकून बघत होता. फिंटनने पेन टेकवलं आणि लिहिलं : चाळीस वर्षे.

आता हे अगदीच खोटं होतं असंही नाही. चाळीस वर्षं दर शनिवारी तो बाजारातल्या शर्यतीच्या दुकानात उभा राहून घोड्यांवर पैसे लावत आला होता. कुठल्या घोड्याचा आजा कोण, कुठल्याला ओलं मैदान मानवतं, कोण शेवटच्या वळणावर कच खातं, सगळं तोंडपाठ. फक्त घोड्याला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. आणि एवढ्या बारीकसारीक गोष्टीसाठी फॉर्ममध्ये जागाही नव्हती.

चौतीस वर्षं त्याने गाडी चालवायला शिकवलं होतं. अर्ध्या ऑफली परगण्याचे परवाने त्याच्या हाताखालून गेले होते, म्हणून सगळं गाव त्याला मास्तरच म्हणे. शिकवणाऱ्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. चौतीस वर्षं उजवा पाय त्या ब्रेकवर. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, ब्रेक गेला, पण पाय काही निवृत्त झाला नाही. असम्प्टा, म्हणजे त्याची बायको, सूप जरा जोरात ढवळायला लागली तरी हा टेबलाखाली फरशी दाबायचा.

"एक तर तू बाहेर काहीतरी काम बघ," ती एकदा डाव आपटून म्हणाली, "नाहीतर मी तरी बघते."

म्हणून, केकच्या निमित्ताने का होईना, तो त्या सभेला गेला होता. फॉर्म दिला आणि विसरला. चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला.

फोनवर डिम्फना कीगन होती, मंडळाची अध्यक्ष. पूर्वी सरकारी इस्पितळात मुख्य परिचारिका होती, त्यामुळे तिला कोणी नाही म्हणू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मास्तर, चाळीस वर्षं ना? मग बूट घाल आणि ये. दलदलीवर शिंगरू आहे."

जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली काळी माती, कापून कापून सोडून दिलेल्या त्या काळ्या माळावर कोणाचे तरी घोडे कायम सोडलेले असत, आणि ते कोणाचे हे कोणालाच माहीत नसे. एक तांबडी घोडी तिथे मरून पडली होती. तिच्या पोटाला टेकून दोनेक आठवड्यांचं शिंगरू उभं होतं, आणि घोडी उठत का नाही याचं त्याला मोठं कोडं पडलेलं दिसत होतं. फिंटनला वाटलं होतं की आपण काहीतरी जाणत्यासारखं बोलू.  प्रत्यक्षात तो शिंगराच्या मागच्या बाजूला जाऊन टोपी काढून "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि एक लाथ खाल्ली.

मॉसीही आला होता; तिघांनी मिळून ते डिम्फनाच्या व्हॅनमध्ये चढवलं. फिंटन मागे पेंढ्यात बसला, दोन्ही हात शिंगराच्या गळ्यात. डिम्फना वळणावर गाडी भरधाव काढत होती. फिंटन पेंढ्यात पाय दाबत होता, आणि शिंगरू त्याच्या कोटाची बाही चोखत होतं.

मंडळाच्या तबेल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फिंटनच्या घरामागे चार एकरांचं कुरण होतं आणि एक कौलारू गोठा होता. डिम्फनाने गोठा बघितला, दार हलवून बघितलं आणि खडूने त्यावर तीन नियम लिहिले. दूध बादलीतून. हातातून काहीही भरवायचं नाही. पुढचे पाय अंगावर टाकू द्यायचे नाहीत.

"गोजिरवाणं आहे म्हणून लाडावू नकोस," ती म्हणाली. "आज ते साठ किलोचं आहे. पुढल्या मे महिन्यात दोनशे किलोच्या वर जाईल. आणि तोवर त्याला वाटत असेल की मास्तरसुद्धा एक शिंगरूच आहे."

"मला माहीत आहे," फिंटन म्हणाला. चाळीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल असं तो म्हणाला.

पहिले तीन आठवडे तो नियमाने वागला. दर दोन-तीन तासांनी भुकटीचं दूध कोमट करायचं, बादली धरायची, शिंगरू अर्धं दूध पिणार, अर्धं फिंटनच्या पँटवर. असम्प्टाने त्याला त्या पँटसकट घरात यायला बंदी केली. शिंगराची चाल मात्र बघण्यासारखी होती. एक झटका, थांबणं, दोन झटके, धाडकन पुढे. पहिल्या धड्याला आलेल्या पोरासारखं. फिंटनने त्याचं नाव क्लच ठेवलं.

आणि मग पेपरमिंट आली. त्याच्या धंद्यात खिशात पेपरमिंटची पत्र्याची डबी असायचीच. परीक्षेच्या आधी घाबरलेल्या पोराला एक गोळी द्यायची, एक आपण खायची. निवृत्तीनंतरही डबी खिशात होती आणि चालताना खुळखुळायची. एका सकाळी क्लचने कान टवकारले, नाक पुढे केलं आणि त्या नाकाने फिंटनच्या खिशाला असा काही हलकेच धक्का दिला की चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतक्या अदबीने काही मागितलं नव्हतं. दारावर नियम लिहिलेले होते. फिंटनने दाराकडे पाठ केली आणि एक गोळी दिली. एकच.

दुसऱ्या दिवशीही एकच.

जूनअखेर क्लच त्याच्यामागे दोर न लावता चालू लागला. कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गोठ्यापर्यंत, एकदा तर थेट स्वयंपाकघरात. फिंटनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पबमध्ये तो कोपराने लोकांना बाजूला सारून सांगे, "काही माणसांच्या हातातच असतं ते. शिकवून येत नाही." डबीचा उल्लेख तो करत नसे. आणि खरी गंमत अशी की हळूहळू त्याचं त्यालाही डबीचं विसरायला झालं. आपल्या आवाजात जादू आहे असं त्याला मनापासून वाटू लागलं. म्होरकी घालून क्लचला फिरवताना तो मोठमोठ्याने शिकवे, "आरशात बघ, सावकाश, हां, आता हळू सोड." शेजारच्या गायी कुंपणाशी येऊन ऐकत उभ्या राहत.

या काळातली त्याची आवडती गोष्ट वेगळीच होती, आणि ती तो घोड्यांशी काही संबंध नसताना सगळ्यांना सांगायचा. परीक्षा केंद्राबाहेर एकदा एक आई आली होती. मुलगा परीक्षकाबरोबर गाडीत, आणि ही बाई खिडकीत उभी राहून त्याला हात करतेय. मुलाने हात करणाऱ्या आईकडे पाहिलं आणि गाडी फुटपाथवर चढवली. नापास. "मी तिला विचारलं," फिंटन सांगे, "बाई, तुम्हाला पोरगा पास व्हायला हवाय, की घरी परत यायला हवाय?" एवढं सांगून तो ग्लास खाली ठेवी आणि सगळ्यांकडे बघे. गोष्ट खरी होती आणि तो खरंच असं बोलला होता. बाई रडली होती, तेवढं तो गाळायचा.

सप्टेंबरात मॉसी नालबंद क्लचचे खूर कापायला आला. वाकला. पहिला खूर हातात घेतला. क्लचने थोडा वेळ गोळीची वाट पाहिली, मिळेना म्हणून मॉसीच्या पार्श्वभागाला चावा घेतला. मॉसीने दिलेल्या शिव्या ऐकून असम्प्टाने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. फिंटन धावला, खिशात डबी खुळखुळली, आणि त्या आवाजासरशी क्लच आनंदाने दोन पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन त्याने मास्तरांच्या खांद्यांवर टाकले. फिंटन मागच्या मागे पाण्याच्या टाकीत बसला. टाकीत मावेल एवढाच तो होता.

डिम्फना फाटकातून आत आली ती नेमकी तेव्हाच.

"खिशात काय आहे?"

"रुमाल," टाकीतून फिंटन म्हणाला.

क्लचने मान खाली घातली, ओल्या खिशात नाक खुपसलं, डबी दातांत धरून बाहेर काढली आणि दोघांच्या मध्ये उभं राहून ती हलवून दाखवली.

मॉसी हसत हसत गवतावर आडवा झाला, मग पार्श्वभागाची आठवण होऊन पालथा झाला. डिम्फना हसली नाही. तिने फिंटनला हात देऊन बाहेर काढलं आणि शांतपणे विचारलं, "खरं सांग. घोडा कधी पाळलास?"

फिंटनच्या बुटांतून पाणी वाहत होतं. अशा अवस्थेत माणूस जास्त खोटं बोलू शकत नाही. "टीव्हीवर पाहिलेत," तो म्हणाला. "आणि शर्यतीच्या दुकानात. शनिवारी."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं ते. शिंगराच्या शेपटीला टोपी काढून नमस्कार करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता."

"मग मला का दिलंस?"

"दुसरं कोणी नव्हतं," डिम्फना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टर बेनेडिक्टला आणलं. ही सव्वीस वर्षांची पांढरी घोडी. एका डोळ्याने आंधळी, पाठीला खोल बाक, आणि स्वभाव गावातल्या जुन्या मुलींच्या शाळेतल्या मुख्य ननचा, जिच्यावरून तिचं नाव पडलं होतं. मंडळाकडे येणारी सगळी बिनआईची शिंगरं तीच वळणावर आणत असे.

"सहा आठवडे कुरणात पाऊल टाकायचं नाही," डिम्फनाने फिंटनला बजावलं. "गवत आणि पाणी कुंपणावरून. तिला जे करायचं ते ती करेल."

तिने पहिल्याच तासात केलं. क्लच तिच्या अंगावर पाय टाकायला गेला आणि तिने त्याला अशी लाथ घातली की तो दोन कोलांट्या खाऊन उठला. तिच्याआधी गवतात तोंड घातलं, तर चावा. मागून हुंगायला गेला, तर पुन्हा लाथ. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून फिंटन हे बघत बसे आणि त्याचा उजवा पाय फरशी दाबत असे. असम्प्टाने शेवटी पायाखाली जुनी सतरंजी घातली.

"ती त्याला मारून टाकेल," तो म्हणाला.

"मला तर उलट वाटतं की ती आपल्याकडे चार महिने उशिरा आली," असम्प्टा म्हणाली. तिचा त्या घोडीशी चांगलाच सूर जुळला होता.

दहाव्या दिवशी त्याच्याने राहवेना. बेनेडिक्टने क्लचला पावसात छपराबाहेर उभं केलं होतं. अर्धा तास झाला तरी आत घेत नव्हती. फिंटन झाडू घेऊन कुरणात शिरला. सिस्टर बेनेडिक्टने आपला चांगला डोळा त्याच्यावर रोखला, कान मागे पाडले, आणि त्यानंतर सहासष्ट वर्षांचा गेराटी मास्तर पाच फुटी फाटकावरून पलीकडे कसा गेला हे त्याचं त्यालाही कधी सांगता आलं नाही. फाटकाच्या या बाजूला चिखलात बसून त्याने वर पाहिलं. क्लच आता घोडीच्या मागे उभा होता, छपराखाली, तिने दिलेल्या जागेत, आणि तिथून मास्तरांकडे बघत होता. त्या वर्गात आता विद्यार्थी दोन होते, आणि क्लच वरच्या नंबरात होता.

थंडी सरता सरता क्लच बदलला. धक्काबुक्की गेली, माणूस जवळ आला की एक पाऊल मागे सरून उभा राहू लागला. मग डिम्फनाने खरी शिकवणी सुरू केली, आणि तीसुद्धा फिंटनला पटेना. दर आठवड्याला माणूस वेगळा. सोमवारी छत्री घेऊन उंच बाई, बुधवारी खोकणारा टपालवाला, एकदा तर झगा घालून खुद्द फादर. प्रत्येकाने कुरणात जाऊन क्लचला धरायचं, म्होरकी घालायची, चारी खूर उचलायचे. फिंटनची पाळी फक्त मंगळवारी.

"पण माझं तो चटकन ऐकतो," फिंटन म्हणाला.

"तेच तर. फक्त तुझंच ऐकत असला तर तू मेल्यावर त्याचं काय करायचं? तुझ्याबरोबर पुरायचं?"

फिंटनने मान हलवून होकार भरला. पण मनातलं कोणाला दिसतंय? खरं सांगायचं तर क्लच कोणालाच द्यावा असं फिंटनला वाटत नव्हतं. सकाळी दार उघडल्यावर कुरणाच्या टोकाला जी मान वर होई, ती आपल्यासाठी वर होते, एवढ्यावर त्याचा दिवस जात होता. निवृत्त माणसासाठी कोणाची मान वर होते? त्याने एकदा जेवताना असम्प्टाकडे विषय काढून पाहिला.

"आपणच ठेवला तर?"

तिने बटाटे वाढता वाढता हिशेब केला. "घोडा तीस वर्षं जगतो. म्हणजे तू शहाण्णव. मी त्र्याण्णव. त्याचे खूर कोण उचलणार? मी?"

डिम्फनाने तर एवढंही बोलणं लांबवलं नाही. एकटं घोडं ठेवायचं नाही हा मंडळाचा नियम. बेनेडिक्ट तर पुढच्या शिंगरांसाठी लागणार. आणि पुढची शिंगरं येणार कुठे, तर याच गोठ्यात.

एप्रिलमध्ये लीट्रिमहून सॉर्का मकगवर्न नावाच्या बाईचं पत्र आलं. डोंगरात शेत, एक म्हातारा घोडा, त्याचा सोबती हिवाळ्यात गेला, आणि तेव्हापासून म्हातारा खाणंपिणं टाकून फाटकाशी उभा राहतो. तिला एक जवान घोडं हवं होतं, आणि तिने क्लचचा फोटो पाहिला होता. डिम्फना जाऊन घर, कुरण, कुंपण सगळं बघून आली. "याहून चांगली जागा त्याला मिळायची नाही," ती म्हणाली. डिम्फना अशी वाक्यं वर्षातून एकदा बोलते.

मंडळाची रीत ठरलेली होती. नेणाऱ्या माणसाने स्वतः घोडं धरायचं, म्होरकी घालायची, चारी खूर उचलायचे आणि स्वतःच गाडीत चढवायचं. कोणाची मदत नाही. चढला तर गेला. नाही चढला तर बाई रिकाम्या हाताने परत जाणार, आणि मग थेट शरदात बघायचं, जेव्हा पुढ्यात हिवाळा दिसत असतो आणि कोणी घोडं मागत नाही. आणि ज्याने वाढवलं त्याने तेवढा वेळ नजरेआड राहायचं.

"तू दाण्याच्या खोलीत बस," डिम्फना म्हणाली. "परीक्षेच्या गाडीत मास्तर बसत नाही, हे तुला मी सांगायचं?"

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी फिंटनने शिकवण्याच्या दिवसांतला टाय बांधला आणि दाण्याच्या खोलीत जाऊन ओटच्या पोत्यांमध्ये उभा राहिला. खोलीला वीतभर खिडकी होती आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं. त्याने बोटाने जाळं पुसलं. डबी खिशात होती. सप्टेंबरात त्याने डिम्फनाला वचन दिलं होतं की पुन्हा गोळी देणार नाही, आणि ते त्याने पाळलं होतं. नाताळ सोडून. आणि ईस्टर. आणि असम्प्टाचा वाढदिवस, ज्याचा क्लचशी काही संबंध नव्हता.

सॉर्का चाळिशीतली, रबरी बूट, केस दोरीने बांधलेले. बोलणं बेताचं. ती कुरणात गेली आणि क्लचकडे सरळ न जाता बाजूबाजूने चालू लागली. क्लच दहा पावलं लांब गेला. खिडकीमागे फिंटनला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदम. ती थांबली. क्लच वळला, आपणहून आला, आणि त्याने म्होरकीत नाक घातलं. फिंटनने दगडी जमीन पायाने दाबली, पण कुठेही काही थांबलं नाही.

पुढचा डावा खूर, पुढचा उजवा, मागचा उजवा. मागचा डावा उचलताना क्लच जरा हेलकावला. सॉर्काने खूर सोडला नाही, घट्टही धरला नाही, आणि तो सावरला. अंगणाच्या कडेला उभ्या मॉसीने टोपी मागे सारली. बेनेडिक्ट कुंपणापलीकडून एका डोळ्याने परीक्षा घेत होती.

राहिली फक्त गाडी. फळी खाली टाकलेली, आत पेंढा. क्लचने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले आणि तो थांबला. फळी पोकळ वाजली होती. तिसरा पाय अधांतरी राहिला.

आणि फिंटनने डबी वाजवली.

चुकून नाही. हात थरथरला, कोट पोत्याला घासला, असं त्याने नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण स्वतःचं खोटं पकडायला स्वतःला वेळ लागत नाही. अंगठ्याने डबी धरून त्याने ती एकदा, फक्त एकदा, खुळखुळवली.

क्लचची मान वर गेली. कान वळले, थेट दाण्याच्या खोलीकडे. एक पाय फळीवरून खाली आला. सॉर्काने दोर ओढला नाही. उलट सैल सोडला आणि त्याच्या बाजूला उभी राहिली. "वेळ आहे बाळा आपल्याला," ती म्हणाली. "चिकार वेळ आहे."

त्या वीतभर खिडकीत आपला चेहरा कसा दिसत असेल हे फिंटनला एकाएकी कळलं. तो चेहरा त्याने पाहिलेला होता. परीक्षा केंद्राच्या खिडकीत, हात करणारा. चौतीस वर्षांत हजारो माणसांना शिकवलं आणि त्या एका बाईला रडवून वर गोष्ट करून पबमध्ये विकली. आता तिथे तोच उभा होता, टाय बांधून.

क्लच अजून कान लावून उभा होता. डबी परत वाजण्याची वाट बघत. आणि फिंटनचं अंग आता खरोखरच कापायला लागलं होतं. श्वास घेतला तरी डबीत गोळ्या किंचित सरकत होत्या, आणि त्या कानांना किंचितही पुरेसं होतं. डबी खाली ठेवावी तर दगडावर वाजणार. पोत्यात खुपसावी तर वाजणार. दुसरं काही न सुचून त्याने नखाने झाकण अलगद उचकटलं आणि सगळ्या गोळ्या तोंडात ओतल्या. चौदा होत्या. दातांचाही आवाज होऊ नये म्हणून जबडा न हलवता, गाल फुगवून, श्वास कोंडून तो उभा राहिला. पेपरमिंट नाकात चढली, डोळ्यांत उतरली. खिडकी, अंगण, घोडा सगळं धूसर झालं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फळीवर एक खूर वाजला. मग दुसरा. मग झटका नाही, थांबणं नाही, सलग चार पावलं, आणि खिटी लागल्याचा आवाज.

दाण्याच्या खोलीचं दार उघडून डिम्फना आत आली. तिने आधी फुगलेले गाल पाहिले, मग गालांवरून ओघळणारं पाणी, मग हात पुढे केला. फिंटनने डबी दिली. तिने ती कानाशी नेऊन हलवली. डबी रिकामी होती.

"मला वाटलं, मी एकदा आवाज ऐकला," ती म्हणाली.

फिंटनने मान डोलावली. नाकारायला तोंड मोकळं नव्हतं, आणि नाकारायचंही नव्हतं.

डिम्फना काहीतरी जहाल बोलणार म्हणून त्याने खांदे आवळले. बाहेर गाडी सुरू झाली. आतून क्लच खिंकाळला, उंच, लांबलचक, प्रश्न विचारल्यासारखा. कुंपणापाशी बेनेडिक्टने एकदा उत्तर दिलं आणि ती परत गवताला लागली. फिंटनचं तोंड भरलेलं होतं. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत आणि वळणापलीकडे तिचा आवाज विरेपर्यंत तो पोत्यांमध्ये तसाच उभा राहिला.

डिम्फनाने खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला आणि ती दुसरीकडे, ओटच्या पोत्यांकडे बघू लागली.

"फार तिखट असतात त्या गोळ्या," ती म्हणाली.